हितं मी तुजी आई न्हाय

जानेवारीत सोलापूरला दोन वास येतात. एक हुरड्याचा. दुसरा नव्या कोऱ्या पांढऱ्या बुटांच्या रबराचा. तो बहुतेक मला एकटीलाच येत असावा.

सकाळच्या ड्युटीला निघाले की नवी पेठेच्या तोंडाशी हुरड्याची गाडी लागलेली असते. कोवळ्या ज्वारीचे हिरवे दाणे, शेजारी शेंगदाण्याच्या चटणीचा लाल ढीग. कापडवाल्यांची शटरं अजून उघडायची असतात, आणि त्या मोकळ्या रस्त्यात तो कच्चा, गोडसर वास रिक्षात बसलेल्या माणसापर्यंत येतो. दवाखान्यात पोचावं, तर वॉर्डाच्या दाराशी पहिल्या वर्षाच्या मुली एका ओळीत उभ्या. केस जाळीत घट्ट बांधलेले, खिशात नवी कात्री, पायांत ते करकरणारे बूट. त्यांची पहिल्या सेमिस्टरची परीक्षा जवळ आलेली असते. हुरडा आणि ती परीक्षा माझ्या डोक्यात इतके चिकटलेत, की एक समोर आला की दुसरी आठवतेच.

परवा त्यांतल्या एकीनं माझ्यासमोर एका आजींचं बीपी तपासलं. बराच वेळ ती कान देऊन ऐकत राहिली, मग रडवेली होऊन म्हणाली, "सिस्टर, यांना बीपीच नाहीये." आजी पडल्या पडल्या म्हणाल्या, "मग मी घरी जाऊ का?" स्टेथोस्कोप तिनं कानात उलटा घातला होता. मी तो काढून सरळ केला. हसू आवरलं. कारण पाच वर्षांपूर्वी त्याच वॉर्डात, तसल्याच बुटांत मी उभी होते, आणि माझ्याकडून जे झालं ते स्टेथोस्कोप उलटा घालण्याइतकं साधं नव्हतं.

माझी आई त्याच दवाखान्यात आया आहे. वॉर्डातल्या भाषेत मावशी. आमचं गाव मैंदर्गी. अप्पांची, म्हणजे वडिलांची, तिथं काकांबरोबर थोडी शेती, ज्वारी आणि तूर. मी दुसरीत असताना आई मला घेऊन सोलापूरला आली, खोली भाड्यानं घेतली आणि दवाखान्यात कामाला लागली. लादी पुसणं, बेडपॅन देणं, पेशंटला स्ट्रेचरवरून पलंगावर घेणं. मी नर्सिंगला जावं हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही. फक्त बारावीच्या निकालानंतर तिनं कॉलेजचा फॉर्म आणून माझ्यासमोर ठेवला आणि भाकऱ्या करायला बसली.

कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आम्ही नवी पेठेत युनिफॉर्मचं कापड घ्यायला गेलो. दुकानदार चार प्रकारचं पांढरं दाखवत होता. आईनं प्रत्येक कापड बोटांत चुरगाळून पाहिलं. "ह्येच्यावर डाग बसला तर निगत न्हाय," असं दोनांबद्दल म्हणाली. रक्ताचा, औषधाचा, हळदीचा, कुठला डाग कशानं जातो हे तिला दुकानदारापेक्षा जास्त ठाऊक होतं. बाहेर पडल्यावर पिशवी माझ्या हातात देत ती म्हणाली,

"ऐक. वार्डात आलीस की हितं मी तुजी आई न्हाय. मावशी. समद्या म्हन्त्यात तसं म्हनायचं."

"असं कसं गं?"

"मॅडम लोकांची नजर बदलती. आयाची पोरगी म्हन्तील. चांगलं केलंस तर म्हन्तील आईनं सांगितलं आसंल, चुकलीस तर म्हन्तील आईच्या जिवावर आलीया. तुजं तू शीक."

मी "असं कसं" पुन्हा एकदा म्हटलं. पण ताणून धरलं नाही. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं होतं. हे वाक्य लिहायला मला पाच वर्षं लागली.

पहिल्या वर्षाला हॉस्टेल सक्तीचं होतं, त्यामुळे सोलापुरातच आई असून मी हॉस्टेलवर. खोलीत माझ्याबरोबर आफरीन होती. तिचं बोलणं दखनी, माझं मैंदर्गीचं, आणि पुस्तकं इंग्रजी. शाळेत आम्हाला मांडीचं हाड एवढंच होतं. इथं त्या एका हाडाच्या डोक्याला नाव, मानेला नाव, अंगावरच्या खड्ड्यांना आणि उंचवट्यांनाही नावं. मनगटात आठ हाडं असतात हे कळल्यावर आफरीन स्वतःचं मनगट धरून म्हणाली, "इत्त्याशा जागेत आठ? हमारे घर में इत्ते लोग हैं." आम्ही एकमेकींच्या हातावर पेनानं हाडं काढायचो आणि आंघोळीला गेल्यावर अभ्यास वाहून जायचा.

ॲनाटॉमीच्या पहिल्या चाचणीत मी नापास झाले. जगताप मॅडमनी पेपर पालथा करून माझ्या हातात दिला. त्या आमच्या ट्यूटर. मी दुपारभर बाथरूममध्ये नळ सोडून रडले, आणि रविवारी घरी गेल्यावर आईला सांगून टाकलं की मला हे जमणार नाही.

त्या रविवारी अप्पा गावाहून आले होते. धोतराच्या गाठोड्यात हुरड्याची कणसं. आई ती गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजत होती आणि तळहातावर चोळून दाणे ताटात टाकत होती. माझं रडगाणं तिनं पूर्ण ऐकलं.

"हाडं ऱ्हाऊ दे बाजूला. वार्डात काय शिकिवलं?"

"पेशंट पलंगावर असताना चादर बदलायची. तेही येत नाही मला. कोपरा पाकिटासारखा दुमडायचा असतो, माझी गुंडाळीच होते."

आईनं हात पुसले. अप्पांकडे पाहिलं. "झोपा."

"आँ?"

"खाटंवर झोपा. पेशंट हाय तुमी."

अप्पा टोपीसकट आडवे झाले. अंग ताठ, डोळे घट्ट मिटलेले. आईनं मला त्यांच्या उजवीकडे उभं केलं. "येक हात खांद्यावर, येक कमरंवर. वढायचं न्हाय. गुडघं वाकव. जोर गुडघ्यातनं लाव, कमरंतनं लावलास तर चाळिशीत माज्यासारकी वाकशील. आन आदी सांग त्यास्नी, कुशीवर घेते म्हनून. न सांगता हात लावला की मानूस दचकतंय. मानूस हाय ते, पोतं न्हाय."

"अप्पा, तुम्हाला कुशीवर घेते हं."

"घे की. पन चा प्यायचाय मला, पेशंटला चा देत न्हाईत व्हय?"

मी अप्पांना चार वेळा कुशीवर घेतलं. पाचव्या वेळी ते खरंच झोपले. चादरीचा कोपरा दहाव्या वेळी पाकिटासारखा बसला. आईनं त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आसंच हाडाचं. तुला रोज येक हाड शिकायला काय हुतंय? मला आकसिजन म्हनायला सा महिनं लागलं." नंतर पुस्तकात या सगळ्याला 'बॉडी मेकॅनिक्स' असे दोन भारी इंग्रजी शब्द दिसले, आणि खाली चित्रातली बाई गुडघे वाकवून उभी होती, अगदी आईसारखी. तो धडा मला पाठ करावाच लागला नाही.

हे घरातलं झालं. वॉर्डातलं वेगळं होतं.

वॉर्डात मी तिला "मावशी, या" म्हणायची. आईला जन्मात कधी 'या' म्हटलं नव्हतं. आमच्यात आईला 'ये' म्हणतात, तिच्यावर ओरडतात, तिच्या ताटातलं उचलून खातात. तो आदरार्थी 'या' तोंडातून निघाला की मला माझाच आवाज परका वाटायचा. आणि ती यायची, आणि "व्हय सिस्टर" म्हणायची. मला. सोबतच्या मुली तिला हाक मारायच्या, मावशी हे आणा, मावशी किती वेळ. त्यांचं काही चुकत नव्हतं, मावशींना तसंच हाका मारतात. मी तेवढ्यापुरती फायलीत डोकं घालायची. एकदा आफरीन म्हणाली, "ये मौसी बहोत अच्छे हैं रे, मेरे को देख के हँसते." मी म्हटलं, "हो, चांगल्या आहेत." बस. एवढंच.

डिसेंबर सरता सरता आमच्या वॉर्डात गंगव्वा आली. अक्कलकोटच्या बाजूची म्हातारी, डावं अंग लुळं पडलेलं, जीभ जड. तिला मराठी फारसं येत नव्हतं. तिच्याशी कन्नडमध्ये बोलणारी वॉर्डात एकटी आई. मैंदर्गीत कन्नड घरोघरी, त्यामुळे मलाही येत होतं, पण मी बोलत नव्हते; मावशीला आणि मला एकच भाषा येते हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. किती लांबचा विचार करत होते मी!

एका सकाळी गंगव्वाचं बीपी तपासायचं काम माझ्याकडे होतं. तिच्या पलंगाच्या बाजूचा लोखंडी कठडा, आम्ही साइड रेल म्हणतो तो, खाली घेतला, पट्टा बांधला. आकडा पहिल्याच प्रयत्नात बरोबर आला. इतकी खूश झाले, की तो वहीत लिहिता लिहिता जगताप मॅडमची हाक आली तशी धावले. रेल खालीच राहिली.

आम्ही टेबलाभोवती उभ्या होतो तेव्हा तो आवाज आला. पाण्याचा तांब्या पडल्याचा, आणि त्याच्या मागोमाग एक मऊ, जड आवाज. तो आवाज मी अजून विसरलेले नाही. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला लादी पुसणारी आई सगळ्यांच्या आधी पोचली. गंगव्वा फरशीवर कुशीवर पडली होती, कपाळाला टेंगूळ, उजवा हात तांब्याच्या दिशेनं पसरलेला. "हेदरब्याड अव्वा, हेदरब्याड," आई म्हणत होती. घाबरू नको. दोघी-तिघींनी मिळून तिला वर घेतलं. डॉक्टर आले, एक्स-रे काढून झाले. हाड मोडलं नव्हतं, डोक्याला आतून काही नव्हतं. पण हे कळायला दुपार झाली. त्याआधी इन्चार्ज सिस्टरनी सगळ्यांसमोर विचारलं,

"रेल खाली कुणी ठेवली?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. निमिषभरच. माझी वही गंगव्वाच्या पलंगावर पायाशीच राहिली होती, ती आता आईच्या हातात होती.

"मीच, सिस्टर. चादर सारकी केली, वर करायचं ईसरले."

"अकरा वर्षं झाली तुम्हाला इथं! एवढं कळत नाही? उद्या काही झालं असतं म्हणजे? मेमो देते मी."

आई मान खाली घालून उभी. आणि मी तिच्यापासून चार पावलांवर. माझं तोंड उघडलं नाही.

आई ठेकेदारामार्फत कामाला होती. मेमो आला की पुढच्या वेळी नाव कापलं जाऊ शकतं, हे तिला माझ्याहून चांगलं माहीत होतं. संध्याकाळी मी तिला फोन केला.

"आई, तू कशाला…"

"जेवलीस का?"

"आई!"

"माजं काय हुतंय? दोन शब्द बोलत्यात, इसरत्यात. तुजं नाव कागदावर लागंल. कागदावरचं पुसत न्हाय. अब्यास कर आता." आणि तिनं फोन ठेवला.

त्या वेळचं मला आज जे कळतं ते असं. आई मला वाचवत होती हे खरं. पण तिनं सांगितलेलं 'तुजं तू शीक' तिचं तिलाच पाळता आलं नव्हतं. आणि ते पाळायचं आता माझ्याकडे आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जगताप मॅडमच्या खोलीबाहेर उभी राहिले. त्या पर्समधून किल्ली काढत होत्या.

"मॅडम, गंगव्वाची रेल माझ्याकडून खाली राहिली. बीपी मी घेतलं होतं."

त्यांनी दार उघडलं, आत गेल्या, बसल्या. मला बसायला सांगितलं नाही.

"काल तोंडाला काय झालं होतं?"

"भीती वाटली."

"मग मावशींनी स्वतःवर का घेतलं?"

इथंही एक पळवाट होती. माहीत नाही म्हणता आलं असतं. मॅडमनी कदाचित पुढं विचारलंही नसतं.

"त्या माझी आई आहेत," मी म्हटलं. मग ते वाक्य मला इतकं चुकीचं वाटलं की पुन्हा म्हटलं, "ती माझी आई आहे."

मॅडमनी किल्ली खणात टाकली. मग उठल्या. "चल."

वॉर्डात त्यांनी इन्चार्ज सिस्टरना, आईला आणि मला एकत्र उभं केलं आणि मला पुन्हा सगळं बोलायला लावलं. आवाज चढवून नाही, पण सगळ्या मुलींना ऐकू जाईल असं. मी बोलले. आईचा चेहरा लाल झाला होता. मॅडम आधी तिच्याकडे वळल्या. "महादेवीबाई, पुन्हा असं खोटं बोलायचं नाही. मुलीची चूक तुम्ही झाकली, तर ती पुढच्या पेशंटवर निघते." अकरा वर्षांत तिथं कुणी तिला नावानं हाक मारलेली मी तरी ऐकली नव्हती. मग माझ्याकडे. "चूक नर्सच्या हातून होते. ती सांगायला एक रात्र लागता कामा नये. झाल्या प्रकाराचा रिपोर्ट तू लिहायचा, इंग्रजीत, तुझ्या शब्दांत. आणि आठ दिवस गंगव्वाचं सगळं तू करायचं."

मेमो दिला गेला नाही. रिपोर्ट मी तीन वेळा लिहिला. इंग्रजीत लिहिलेलं ते माझं पहिलं पानभर. त्यात पाठ केलेलं एकही वाक्य नव्हतं.

आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जिन्यात गाठ पडली. "लई शानी झालीस," एवढंच म्हणाली आणि बादली घेऊन वर गेली. पण वळताना तिचा पदर तोंडावर गेला होता. ती हसत होती की काय होतं ते मला दिसू नये अशी तिनं काळजी घेतली.

आफरीनचं निराळंच. खोलीवर येऊन ती पलंगावर धपकन बसली. "तेरी अम्मी हैं बोलके बोली कायकू नै? मैं उनसे पानी मंगवाई, चादरां मंगवाई! अब मैं मूं कैसा दिखाऊं?" माझ्यावर ती खरोखर चिडली होती. दुसऱ्या दिवशी आई वॉर्डात शिरली तशी ती खुर्चीवरून उठून उभी राहिली. तिचं बघून अजून दोघी उठल्या. आईला काही कळेना. तिनं मागं वळून पाहिलं, कोण मोठे डॉक्टर आलेत म्हणून.

आणि गंगव्वा. तिला मी तिच्याच भाषेत सांगितलं, अव्वा, माझ्यामुळे पडलीस. तिनं चांगल्या हातानं माझी हनुवटी धरली. जिभेवरून शब्द घसरत होते, पण 'ही आपल्याकडची पोर' एवढं तिला समजलं असावं. पुढचे आठ दिवस मी तिचं अंग पुसलं, पाठीला तेल लावलं, कुशी बदलली, भरवलं. काम झालं की मी रेल वर करायची आणि ती उजव्या हाताच्या बोटांनी तिच्यावर ठकठक करून बघायची, नीट बसलीय का ते. मग डोळे मिटायची. वॉर्डात सगळे हसायचे. मी नाही हसले. पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षकांत ती सर्वांत कडक होती, आणि रोज तिनं मला पास केलं.

खरी परीक्षा जानेवारीअखेर झाली. गड्ड्याच्या यात्रेतले पाळणे हॉस्टेलच्या गच्चीवरून दिसायचे आणि आम्ही हाडं, स्नायू, ग्रंथी घोकत बसायचो. रोज एक हाड, या हिशेबानं माझी बरीचशी हाडं झाली होती. ॲनाटॉमीत मी चांगल्या गुणांनी नाही, पण पास झाले. प्रॅक्टिकलला मला पेशंटची कूस बदलून चादर घालायची होती. परीक्षक मॅडम म्हणाल्या, "हात बरे चालतात तुझे. कुठं शिकलीस?" मी म्हटलं, "घरी, मॅडम. आईकडून. ती याच दवाखान्यात मावशी आहे." त्यांनी 'बरं' म्हणून गुण लिहिले. जगात काहीही झालं नाही. इतके महिने मी कशाला घाबरत होते?

त्यानंतर आमचा शपथविधी झाला. हातात पेटते दिवे घेऊन नव्या मुली नर्सिंगची शपथ घेतात, घरच्यांना बोलावतात. अप्पा धुतलेली टोपी घालून आले होते. आई इरकल नेसली होती आणि सभागृहात शिरताना चपला काढाव्यात की नाही यावर अप्पांशी वाद घालत होती. दोघं तिसऱ्या रांगेत बसली.

दिवे लागले. प्राचार्यांनी आम्हाला उभं राहायला सांगितलं आणि एकेक ओळ इंग्रजीत म्हणू लागल्या. आम्ही मागून म्हणत होतो. डाव्या हातात दिवा, उजवा हात पुढं. आणि मी पाहिलं, तिसऱ्या रांगेत आई उभी राहिली होती. सगळे पालक बसलेले, ती एकटी उभी. शाळेतल्या प्रतिज्ञेसारखा तिनं उजवा हात पुढं केला होता आणि तिचे ओठ हलत होते. तिला त्यातला एकही शब्द कळत नव्हता. अप्पा खालून तिचा पदर ओढत होते. दाराशी उभी असलेली एक सीनियर मुलगी तिला बसवायला निघाली, तेव्हा भिंतीशी उभ्या जगताप मॅडमनी हातानंच तिला थांबवलं.

शपथ संपली. आम्ही हात खाली घेतले. आईनं सगळ्यांच्या शेवटी घेतला, आणि मग पदर सारखा करून ती खाली बसली.